वाळवंटातला मासा: डेव्हिल्स होल पपफिशबद्दल कोणाला माहितीये का?

पाषाणची_आई
नमस्कार मंडळी, लेक सातवीत आहे आणि तिला शाळेत दुर्मिळ प्राण्यांवर बोलायचंय. तिने अमेरिकेतला डेव्हिल्स होल पपफिश निवडलाय. नेवाडाच्या वाळवंटात एका कपारीत राहतो म्हणे. पण वाळवंटात मासा जगतो कसा, आणि आपल्याकडे टँकमधे पाळता येईल का असं ती सारखं विचारतेय. जरा सोपं करून सांगा ना कोणीतरी.

कोथरूडचा_टँकवाला
ताई, पाळायचं तर विसराच, तो जगात त्या एकाच ठिकाणी नैसर्गिकरीत्या सापडतो आणि १९६७ पासून संरक्षित आहे. जेमतेम इंचभर, निळसर मासा, पोटाखालचे पर नसतात, वर्षभर जगला तर खूप झालं. पाणी बारा महिने साधारण ३३ अंश गरम आणि त्यात ऑक्सिजन इतका कमी की आपले बरेचसे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत बसतील. कपार शंभर मीटरपेक्षा जास्त खोल आहे, तळ अजून कोणाला लागलेला नाही, पण माशाचा सगळा संसार वरच्या एका उथळ खडकावर, शेवाळ खायचं तिथेच आणि अंडी घालायची पण तिथेच. मुलीला सांगा की एक अख्खी जात आपल्या हॉलएवढ्या दगडावर तगून आहे. दरवर्षी मोजणी होते, काही लोक पाण्यात उतरून मोजतात आणि काही वरून. २०२४ च्या वसंतात १९१ होते, मग लांबच्या भूकंपांनी पाणी असं हिंदकळलं की शेवाळ अंडी सगळं वाहून गेलं आणि २०२५ मधे फक्त ३८ राहिले. जवळच तशीच कपार बनवून हे मासे वाढवतात, तिथले १९ मग आणून सोडले.

उंड्री_बोअरवेल
मला यातला पाण्याचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९६० च्या दशकाच्या शेवटी जवळच्या एका रँचने शेतीसाठी जमिनीखालचं पाणी जोरात उपसलं, कपारीतली पातळी खाली गेली आणि तो खडक उघडा पडायला लागला. केस पार सुप्रीम कोर्टात गेली, १९७६ मधे निकाल माशाच्या बाजूने लागला आणि उपशावर मर्यादा आली. आमच्या सोसायटीच्या मागे एक जुनी विहीर होती, लहानपणी मी तिच्यात पोहायला शिकलो, पायऱ्यांवर बसलं की बारके मासे पायाला टोचायचे. आजूबाजूला एकामागून एक बोअर पडले आणि मार्चमधेच तळ दिसायला लागला, आता ती बुजवलीये. तिथे पाणी कोणी मोजलंच नव्हतं हो, मासे कुठले होते ते पण आता कोणी सांगू शकत नाही.

पाषाणची_आई
बापरे, वाचून गलबलून आलं. तुमचं दोघांचं मी लेकीला वाचून दाखवलं, तिने लगेच आमच्या टँकमधल्या मॉली मोजल्या, तीनदा मोजल्या आणि तिन्हीदा आकडा वेगळा 🙂 पिल्लं फारच झालीयेत. थोडी पाषाण तलावात सोडली तर चालेल ना?

कोथरूडचा_टँकवाला
नाही नाही, प्लीज सोडू नका!! त्या कपारीच्या शेजारीच अॅश मेडोज म्हणून झऱ्यांचा भाग आहे, तिथे पपफिशचे दुसरे भाऊबंद राहतात, आणि तिथे बाहेरून आलेल्यांमधे मॉली पण आहेत आणि डासांसाठी सोडतात ते गॅम्बुझिया पण. खाणं पळवतात, पिल्लं खातात, मग ते काढता काढता लोकांच्या नाकी नऊ येतात. आपल्या नद्या-तलावांतल्या माशांना तर आधीच तिलापिया पुरून उरलाय. माझा एक ४ फुटी टँक रिकामा आहे, मी घेतो सगळी पिल्लं. शनिवारी या, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवा, आदल्या दिवशी खायला देऊ नका. लेकीला पण आणा, येताना परत एकदा मोजून आणू दे.