मदत हवी आहे: सिल्व्हर शॅडो ८५ च्या पुढे तरंगते
गाडी १९७४ ची रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडो, ६.७५ लिटर व्ही-८, तीन गिअरची ऑटोमॅटिक. ७० पर्यंत लोण्यासारखी पळते. ८५ नंतर सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं दुरुस्त करत बसावं लागतं, आणि लांबट उंचवट्यावरून गेलं की मागची बाजू तीनदा झुलते. गाडी मऊ असणारच, पण एका झोक्यात सावरायला हवी. पन्नास वर्षांचं रबर आहे, हे धरूनच विचारतोय.

टायर २३५/७० आर १५, चारही एकाच तारखेचे. टो (पुढच्या चाकांची आत-बाहेर दिशा) बरोबर. बॉल जॉइंट (चाकाकडचे फिरते सांधे) घट्ट, स्टिअरिंगच्या रिमवर खेळ दीड इंच. इंजिन बंद करून ब्रेक पेडल दाबत गेलो, तर बाविसाव्या दाबाला प्रेशरचा दिवा लागला. दाबांचा आकडा चाळीसच्या वर जायला हवा ना? म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरचा (ब्रेक आणि सेल्फ-लेव्हलिंगसाठी तेलाचा दाब साठवणाऱ्या गोळ्याचा) गॅस उतरलाय, पण झुलण्याशी त्याचा संबंध वाटत नाही. सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओझं बदललं तरी गाडी समपातळीत ठेवणारी यंत्रणा, उंची सावकाश राखतं, झोका मोडणं शॉक अ‍ॅब्झॉर्बरचंच काम.

मला संशय पुढच्या सबफ्रेमच्या (सस्पेन्शन आणि स्टिअरिंग धरणाऱ्या, बॉडीला जोडलेल्या चौकटीच्या) तारेच्या जाळीवाल्या माउंटवर, म्हणजे जोडणीच्या टेकूवर आहे. ती न उतरवता कशी तपासायची? मदतनिसाने उभ्या गाडीत स्टिअरिंग डावं-उजवं हलवलं आणि सबफ्रेम बॉडीपासून सरकताना दिसली, तर निदान पक्कं मानायचं का? मागचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर उघडून पुन्हा भरून देणारं कोणी आहे का?

आणखी एक: या गाडीचं खास ब्रेक ऑइल आरआर ३६३ मिळत नसेल तर साध्या डॉट-४ ब्रेक ऑइलमध्ये एरंडेल मिसळतात म्हणे, दाब तयार करणाऱ्या पंपाला वंगण मिळावं म्हणून. कोणी केलंय? प्रमाण किती?