धुळ्यातूनच तक्रार करता येते

दादा, घरात आजारपण निघाल्याने गोव्याच्या हॉटेलचं नॉन-रिफंडेबल (पैसे परत न मिळणारं) बुकिंग बुडालं, आता भांडायला तिकडे कोण जाणार, असं तुम्ही म्हणता. जायचं नाहीच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे राहत्या ठिकाणी, म्हणजे धुळ्याच्याच जिल्हा आयोगात तक्रार चालते. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फीही नाही. आधी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा.

पण खरं सांगू? स्वस्त दर पैसे परत न मागण्याच्या अटीवरच मिळतो, त्यामुळे नुसतं 'जमलं नाही' म्हटलं तर केस लंगडीच. त्यापेक्षा थेट हॉटेलच्या मॅनेजरकडे तारीख पुढे मागा. (ॲपवाले हॉटेलकडे बोट दाखवतात, हॉटेलवाले ॲपकडे!) मॅनेजर 'हो' म्हणाला की लगेच ईमेलवर घ्या, तोंडी होकार पुढच्या शिफ्टला कुणाला आठवत नाही. आणि खोली दुसऱ्याला दिली का, तेही विचारा. सारंगखेड्याच्या यात्रेसारखी गर्दीची तारीख असेल तर खोली रिकामी राहतच नाही. मग दोन्हीकडून पैसे कशाचे?