चक्री जुगाराचं मशीन नुसतं सापडलं तरी तुरुंग हवा का?

तापीकाठचा: कापसाचे पैसे हातात आले की आमच्या तालुक्याच्या गावात 'व्हिडिओ गेम'ची पाटी लावलेल्या गाळ्यात गर्दी. धाड पडते, मशीन जप्त होतं, पंधरवड्यात दुसरं हजर. जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. अड्डा चालवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यात किमान दंड ५०० रुपये! एवढ्यात चौघांची शेवभाजीही धड होत नाही. मशीन बाळगणं हाच वेगळा गुन्हा करा. किमान ३ वर्षं, जामीन नाही. गुदामात झाकून ठेवलेलं असलं तरी.

धुळ्याचा वकील: दादा, त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये पहिल्या गुन्ह्याला किमान ३ महिने कैदही आहे, ती गाळलीत. शिवाय १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम ११२ आहे : टोळीने चालवलेल्या सट्ट्या-जुगाराला १ ते ७ वर्षं. शिक्षा कमी नाही हो, खटले टिकत नाहीत. पंच साक्षीदार उलटतात. आणि मशीन ज्याच्यासमोर सापडतं तो रोजावर बसवलेला पोरगा. तुमची ३ वर्षं तोच भोगणार.

तापीकाठचा: ११२ ला टोळी सिद्ध करावी लागते, म्हणून तर ताबाच पुरे म्हणतोय. पोरग्याने मालकाचं नाव सांगितलं की त्याला सूट द्या.

केळीवाला, रावेर: नाव सांगून तो गावात राहील का?

खान्देशी भो: आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळं खान्देश पत्ते कुटतं, तवय कायदा कुठे जास? आन आते मशीन कोन देखस, सगळं मोबाइलमा शे.

अमळनेरची माई: आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, पुरुष पत्त्यांना बसतात. चार दिवसांचा खेळ. पत्त्यात हरलेला पैसा निदान भाऊबंदातच फिरतो. चक्री बारा महिने उघडी, आणि तिच्यात काय लागणार हे मालक ठरवतो. माझ्या नात्यातल्या एका पोराने बैलजोडी विकली तिच्यापायी. मला ३ काय, ५ वर्षंही चालतील.

धुळ्याचा वकील: माई, राग कळतो. पण मोबाइलचं बघा. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात पैशांचा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षाच नाही. म्हणजे धंदा करणाऱ्यावर नेम. ताब्याचा गुन्हा केलात तर नेम हमालावर लागतो.

तापीकाठचा: वा. मोबाइलवाल्याला १ कोटीची भीती आणि गाळेवाल्याला ५०० ची?

धुळ्याचा वकील: दंड वाढवा, माझी ना नाही. आणि गाळ्याच्या मालकाला धरा. जाणूनबुजून जागा दिली असेल तर त्यालाही कलम ४ लागतं, नवा कायदा नको.

केळीवाला, रावेर: गाळा कोणाचा ते गावाला पाठ आहे. तक्रार कोण देणार?

धुळ्याचा वकील: अर्ज मी फुकट लिहून देतो.

तापीकाठचा: आणि सही?