टेलच्या बांधीला पाणी येतं का? पाणी वापर संस्था करणाऱ्यांनी सांगावं

प्रश्न: टेलची शेतकरीण, मौदा तालुका

नमस्कार. पेंचच्या डाव्या कालव्यावरच्या एका मायनरच्या, म्हणजे लहान फाट्याच्या, अगदी शेवटी, टेलला, माझं साडेतीन एकर धान आहे. आमच्या बांधीपुढं पाट संपतो अन् नाला लागतो.

मागच्या ऑक्टोबरात धान गर्भात होता. कालव्याची पाळी, म्हणजे ठरलेल्या दिवसांचं पाणी, सुटून चार दिवस झाले. हेडच्या, म्हणजे मायनरच्या तोंडाशी असलेल्या गावात बांध्या तुडुंब, आमच्या पाटाच्या तळाला नुसती ओल. पाचव्या रात्री मी अन् माझा मुलगा टॉर्च घेऊन पाटाच्या काठाकाठानं वर चालत गेलो. तिसऱ्या मोरीपाशी मुलगा थांबला, म्हणाला, आई, मोटार चालू आहे. पाहिलं तर पाटात पाइप सोडलेला, वरून तनस पांघरलेली. खाली मोरीच्या तोंडात मातीनं भरलेल्या सिमेंटच्या थैल्या दाबलेल्या. मोटार कुणाची ते मी ओळखलं. माझ्या नणंदेच्या सासरची. थैल्या काढल्या, पाइपाला हात लावला नाही. सकाळी वीतभर पाणी आलं, दुपारी आटलं. एक एकरातली लोंबी पोचट निघाली.

त्या रात्रीपासून एक गोष्ट मनातून जात नाही. २०१८ ला पाऊस दगा देऊन गेला, पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं, २०१९ च्या जुलैत नागपूरलाही एक दिवसाआड नळ आले. तेव्हा आम्ही सगळे म्हणायचो, मध्य प्रदेशानं वर चौराईच्या धरणात पेंचचं पाणी अडवलं. मीही म्हणायची. पण पेंचच्या पाण्याच्या १९६४ च्या करारात त्यांच्या वाट्याला ३५ टीएमसी (अब्ज घनफूट) अन् आपल्याला ३० आहे. त्यांनी धरण बांधलं नव्हतं तोवर त्यांच्या वाट्याचं पाणीही खाली येत होतं, अन् आपण त्याच भरवशावर धान लावत गेलो. वरच्या राज्याला बोल लावायचा अन् आपल्याच मायनरवर वरच्यानं खालच्याची मोरी बुजवायची, हे मला पटत नाही.

मायनरवरच्या शेतकऱ्यांनी मिळून पाणी वापर संस्था केली तर टेलला खरंच पाणी पोचतं का? अन् हेडवाले त्यात कशाला येतील? त्यांना तर आज न मागता मिळतं.

उत्तर १: कालव्यावर तीस वर्षं, आता निवृत्त

ताई, पाइपाला हात लावला नाही ते बरं केलं. तिथंच मारामाऱ्या होतात.

२००५ चा कायदा आहे, सिंचन पद्धतीचं शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. त्यात संस्थेला पाणी मोजून मिळतं. आज तुम्ही पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरता, पाणीपट्टी एकरावर लागते. मग कुणी दोन दिवस भिजवलं काय अन् चार दिवस काय, पैसे तेवढेच. मोजून घेतल्यावर हेडवाल्याचं जास्तीचं पाणी सगळ्या संस्थेच्या खात्यातून जातं, तेव्हा शेजारीच त्याला विचारतो. संचालक मंडळात हेड, मधला भाग अन् टेल यांची माणसं सारखी असतात, अध्यक्षपदही तिघांत फिरतं.

पण मायनर ताब्यात घेण्याआधी खात्याबरोबर पाटाच्या काठानं चालून पाहणी करा. कुठं अस्तर फुटलं, कुठली मोरी खचली, सगळं लिहून घ्या. दुरुस्तीआधी सही केली की ती दुरुस्ती तुमच्या गळ्यात. मुखाशी मोजायचं साधन बसल्याशिवाय तर सहीच करू नका. मी कागदावरच्या संस्था पाहिल्या आहेत. फलक असतो, पण पाण्याची मोजपट्टी वाचणारा कुणी नसतो.

उत्तर २: भूगोल शिकवते, भंडारा

तुमचा चौराईचा मुद्दा मी उद्या वर्गात सांगणार आहे.

असाच वरच्या-खालच्याच्या वाटणीचा गंगेचा भारत-बांगलादेश करार १२ डिसेंबर १९९६ चा. त्यात जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांचे दहा-दहा दिवसांचे तुकडे पाडले आहेत. आपल्याकडच्या फरक्का बंधाऱ्यापाशी प्रवाह ७०,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट) किंवा त्याहून कमी असला तर निम्मा-निम्मा. सगळ्यात ओढीच्या काळात, ११ मार्च ते १० मे, एका दहा दिवसांत एका देशाला ३५,००० क्युसेकची हमी, पुढच्या दहा दिवसांत दुसऱ्याला. ही तुमची पाळीच झाली! वर्षाचा एकच मोठा आकडा लिहिला असता तर तो पावसाळ्याच्या पुरातच भरून निघाला असता. तुमच्या धानालाही वर्षाचं पाणी नको होतं, गर्भातले आठ दिवस हवे होते.

आणि मोजायला दोन्ही देशांची माणसं एकत्र बसतात, फरक्क्याला अन् तिकडे बांगलादेशात हार्डिंग पुलापाशी. भांडण त्यानं संपलेलं नाही. पण आज किती पाणी आलं, यावर तरी दोघांना एकच आकडा मिळतो.

उत्तर ३: तलावाच्या गावचा, साकोलीकडचा

आमच्याकडं मालगुजारी तलाव, जुन्या मालगुजारांच्या काळातले. माझ्या लहानपणी पाणी वाटणारा पाणकर असायचा, त्याला खळ्यावर धान मोजून मिळायचा. तुडुम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार, त्यानंच उघडायचं, बांधीचं तोंडही त्यानंच फोडायचं. मालकानं स्वतःच्या बांधीतसुद्धा पाण्यासाठी फावडं लावायचं नाही, मग तो पाटील का असेना. ताई, हेडवाल्यांना सांगा, रात्री मोटारीजवळ जागायचा त्रास त्यांनाही आहेच. पाणकर ठेवला की दोघंही झोपाल. आमच्याकडं पाणकर गेला अन् तंटे सुरू झाले.

पुन्हा: टेलची शेतकरीण

सगळ्यांचे आभार. दादा, पाहणीचं लिहून ठेवलं. मॅडम, तुमचं उत्तर मुलाकडून मोठ्यानं वाचून घेतलं, दोनदा.

काल नणंदेला फोन लावला. मोटारीचा विषय मी काढला नाही, तिच्या सासऱ्यांनीच काढला. म्हणाले, हेडला आहोत म्हणून पाणी मिळेलच असं नाही, मागं एकदा पाळी उशिरा सुटली तेव्हा आमचेही परे, लावणीची रोपं, वाळले होते. संस्थेला ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मग विचारलं, मोजपट्टी वाचणार कोण, तुमचा माणूस?

मी म्हटलं, मामाजी, एक तुमचा, एक आमचा. दोघांच्या सह्या एकाच वहीत.

रविवारी या म्हणाले.