मदत हवी आहे : सीएसआरच्या (कंपन्यांच्या सामाजिक कामासाठीच्या निधीच्या) अर्जात शिक्षिकेचं मानधन दाखवावं का?

मंडळी, दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरावर मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आम्ही चार वर्षं संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. ट्रस्टकडे १२-ए, ८०-जी (आयकर सवलतीच्या नोंदण्या) आहे, सीएसआर-१ (हा निधी घ्यायला लागणारा सरकारी नोंदणीचा फॉर्म) भरून नंबरही मिळालाय. कागद चोख, गाडी अडलीये ती कंपनीच्या दारात. नफ्यातल्या २ टक्क्यांचा हा सीएसआर खर्च करताना कंपनीने स्थानिक भागाला प्राधान्य द्यायचं असं कायदाच सांगतो, म्हणून खेड तालुक्यातल्या लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीत गेलो. "आमचं स्थानिक म्हणजे खेड तालुका, दापोली नाही," म्हणाले! झालं, एसटीचं भाडं फुकट.

आता मुंबईच्या कंपन्यांना लिहावं का? आणि मुख्य म्हणजे, शिक्षिकेचं मानधन बजेटमध्ये दाखवलं तर चालतं, की नाकं मुरडतात? वह्या-दप्तरं सगळेच देतात, शिकवणारं माणूस कोण देणार? कुणाकडे मंजूर झालेल्या प्रस्तावाचा नमुना असेल तर कृपया दाखवा.