जुळ्यांना पाचवीला एकाच शाळेत घालावं की वेगवेगळ्या?

कृष्णाकाठची: नमस्कार, जरा सल्ला हवाय. आम्ही सांगलीचे. जुळी आहेत, मुलगा मुलगी, आता चौथीत मराठी शाळेत, आणि ही शाळा चौथीपर्यंतच आहे म्हणून जूनला दुसरीकडे घालावंच लागणार. मुलगी अभ्यासात एकदम तल्लख. मुलगा तोंडी हिशोब पटापट करतो, सायकलची चेन पडली की घरात हाच बसवतो पण वाचायला बसवला की रडकुंडीला येतो, जोडाक्षरं खातो, 'मदत'चं 'दमत' करतो. एका नावाजलेल्या शाळेत गेलो तर त्यांनी दोघांकडून पेपर सोडवून घेतला, मुलीला लगेच घेतो म्हणाले आणि मुलाचं "बघू". घराजवळ एक साधी अनुदानित शाळा आहे तिथे दोघांना घेतील. सासूबाई म्हणतात ताटातूट नको, नवरा म्हणतो त्याच्यापायी तिचं नुकसान का. आणि सेमी इंग्रजी घ्यायचं का तो घोळ वेगळाच.

खडूफळा: ताई, २२ वर्षं शिकवतोय म्हणून सांगतो. पहिलं म्हणजे तो पेपर घेणंच नियमात बसत नाही, २००९च्या आरटीई (शिक्षण हक्क) कायद्यात प्रवेशासाठी चाचणी घ्यायला बंदी आहे, पहिल्यांदा सापडले तर २५ हजारांपर्यंत दंड. घेतात बरेच जण, ते सोडा. त्या शाळेत तुकड्या कशा पाडतात ते विचारलं का? 'अ'मध्ये हुशार आणि 'ड'मध्ये उरलेले असं असेल तर एकाच शाळेत घालूनही ताटातूट होणारच, वर मधल्या सुट्टीत सगळ्यांना माहीत की हिचा भाऊ 'ड'मधला.

बिनधास्त_८२: मुलगी हुशार आहे तर तिला चांगल्या शाळेत टाका. यात विचार कसला करायचाय?

दोन_चहा: थांबा थांबा, 'दमत' वाचून माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या थोरल्याचं अगदी हेच होतं, शाळा म्हणे आळशी आहे, मीही तेच धरून बसले आणि त्याने उगाच माझा मार खाल्ला. सातवीत तपासणी केली तेव्हा डिस्लेक्सिया निघाला, म्हणजे बुद्धी चांगली पण वाचण्या-लिहिण्यात अडचण. तुमच्या मुलाला तेच असेल असं नाही म्हणत, पण शाळा ठरवायच्या आधी डोळे-कान तपासा आणि मग मुलांच्या मानसतज्ज्ञांकडे जा. निघालंच तर पुढे सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट काढावं लागतं, त्यावर दहावीला जादा वेळ, लेखनिक वगैरे मिळतं. सेमीचं म्हणाल तर मुलाला नकोच. गणित-विज्ञान इंग्रजीत म्हणजे ज्याला हिशोब येतोय तोही उदाहरण वाचण्यातच अडकणार. मुलीला घ्या हवं तर.

खडूफळा: +१. आणि मुलीची एवढी काळजी नको, साध्या शाळेतूनही स्कॉलरशिपला बसता येतं. पाचवीत असताना सहावीसाठी सरकारी नवोदय विद्यालयाची परीक्षा देता येते, तुमच्या जिल्ह्याचं पलूसला आहे. पण तिथे राहायचं होस्टेलला, म्हणजे सासूबाईंची ताटातूट झालीच बघा 😄

बिनधास्त_८२: वाचण्याचं नीट लक्षात आलं नव्हतं माझ्या. तपासणी करून घ्याच ताई.

कृष्णाकाठची: सगळ्यांचे आभार. काल घराजवळच्या शाळेत जाऊन तुकड्यांचं विचारलंच, बाई म्हणाल्या नाव पटावर येईल तशी तुकडी, हुशार-ढ असं काही बघत नाही. मिरजेला डॉक्टरांची गुरुवारची वेळ मिळालीय. रात्री दोघांनाही वेगवेगळं विचारलं. मुलगी म्हणाली तो जाईल तिथेच मी. मुलगा बराच वेळ काही बोलेना आणि मग म्हणाला, मला हिच्या वर्गात नको, बाई रोज हिची वही वर धरून मला दाखवतात. चार वर्षांत घरी एकदाही बोलला नव्हता हो. आता घराजवळचीच शाळा पण तुकड्या वेगळ्या मागायच्या असं डोक्यात आहे, गुरुवारी काय म्हणतात ते बघून ठरवते.