मदत हवी आहे : सागाची विरळणी मुलांना कशी समजवावी?

सप्रेम नमस्कार. इंदूरमधील आम्ही काही मराठी मंडळी शाळकरी मुलांना आणि पालकांना वनशास्त्राची ओळख करून देणारी एक छोटी ना-नफा संस्था चालवतो. वृक्षारोपणाला गर्दी लोटते (रोपासोबत फोटो काढायला तर अधिकच), परंतु सागाच्या दाट लागवडीतील काही झाडे ठरवून तोडावी लागतात (यालाच विरळणी म्हणतात) असे म्हटले, की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. साग प्रकाशप्रिय आहे. दाटीत शेंडे एकमेकांना भिडले की खोडे बारीक राहतात, आणि वेळेवर विरळणी झाली तर उरलेल्या झाडांची वाढ वेग घेते, वर्षवलये (खोडात दरवर्षी भर पडणारी कडी) रुंदावतात. सागाची वलये नुसत्या डोळ्यांनी दिसतात, त्यामुळे माझ्या मते तासभर व्याख्यान देण्यापेक्षा खोडाच्या आडव्या कापलेल्या चकतीवर बोट फिरवू देणे अधिक परिणामकारक ठरेल.

अशी चकती वनविभागाच्या लाकूड आगारातून रीतसर मिळवण्यासाठी अर्ज कोणाकडे करावा? जबलपूरच्या उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्थेतून शाळांसाठी साहित्य किंवा व्याख्याता मिळवण्याचा अनुभव कोणास आहे का? वनांची कार्य आयोजना (जंगलाच्या व्यवस्थापनाचा दीर्घ मुदतीचा आराखडा) तयार करण्यात सहभागी झालेले, मराठीतून बोलू शकणारे निवृत्त वनाधिकारी परिचयाचे असल्यास, त्यांची अनुमती घेऊन कृपया कळवावे. इंदूरजवळच्या चोरलच्या जंगलातील सहल पावसाळ्यानंतरच ठेवू, कारण उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो आणि शेंड्यांची दाटी दाखवता येत नाही.